तीनशे छत्तीस मिलिमीटर

तापकीर गल्लीत मुथांनी काउंटरवर खोका ठेवला
आणि हात मात्र वरून काढला नाही.
"एक ऐंशी. बिलासकट. माल एकच आहे."
मी खोक्याला बोट लावलं,
दुसऱ्याच्या बाळाच्या गालाला लावतात तसं,
आणि विचारलं, दसऱ्याला उतरेल का?
"उतरेल. चढेलही. नवीन सिरीज येतेय म्हणतात.
मॅडम, या लाइनीत थांबणारा कधी चुकत नाही,
फक्त त्याच्याकडे कधी कार्ड नसतं."

मी म्हटलं, बघते.
आमच्या गावात 'बघते' म्हणजे काय, ते त्यांना पाठ.
खोका परत फळीवर गेला, वायरींच्या भेंडोळ्यांशेजारी.

बाहेर येते तर गाडी नाही.
तारीख सम, मी लावली होती विषम बाजूला.
रस्त्यावर खडूने लिहिलेला नंबर तेवढा माझा.
थांबण्याचा पहिला हप्ता
मी चौकीत उभ्या उभ्या भरला.

माझं काम उन्हाचं आहे.
बावधनला, ताथवड्याला, जिथे अजून नुसता मुरूम ओतलाय,
तिथल्या अकराव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये
सकाळी साडेआठचं ऊन कसं पडेल
ते मी काढून देते.
सोफ्यावर सांडलेलं, पडद्याच्या विणीतून गाळलेलं,
पाण्याच्या ग्लासात शिरून वाकलेलं.
माझ्या धायरीच्या खोलीत ऊन येत नाही.
समोर दुसरी सोसायटी झाली.
तिचं ब्रोशर मीच केलं होतं.

जुनं कार्ड सात वर्षांचं.
एका चित्राला चौदा तास घेतं,
आवाज मिक्सरचा, चटणी मात्र निघत नाही.
काचेची वस्तू ठेवली की मेमरी संपते
म्हणून घराघरांतून मी काचा कमी करत आणल्या.
मागच्या महिन्यात एका बिल्डरने विचारलं,
तुमच्या घरांत झुंबरं का नसतात हो?
म्हटलं, सध्या ट्रेंड आहे.

एक्सेलमध्ये मांडून पाहिलं.
आत्ता घेतलं तर अठरा हप्ते,
थांबले तर चौदा तास गुणिले किती झुंबरं,
हा रकाना अजून रिकामाच.
शिवाय पॉवर सप्लायही बदलावा लागेल.
चार आण्याची कोंबडी म्हणायचीही सोय नाही,
इथे कोंबडीच सोन्याची
आणि मसाल्याला वेगळं कर्ज.
फाइलचं नाव 'कार्ड फायनल'. मग 'कार्ड फायनल दोन'.
काल 'कार्ड खरंच फायनल' केली.

बाबांना सांगून पाहिलं.
त्यांनी स्कूटरला नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं,
आकुर्डीहून ती एकदाची सुटली तेव्हा मी तीन वर्षांची,
लगेच पुढे उभी राहिले, हँडल धरून.
"आठ वर्षं," ते म्हणाले, "पण किंमत काही रोज बघत नव्हतो.
पावती ट्रंकेत होती. झोप लागायची."
मग चष्मा पुसता पुसता,
"तुझ्याकडे पावती आहे का?"

रात्रीचे दोन. बासष्ट टक्के.
कुणाच्या तरी बाल्कनीतली तुळस अजून दाणेदार आहे,
वाळूतून वर यावी तशी हळूहळू येतेय.
कॅबिनेटचं झाकण केव्हाच काढून ठेवलंय,
शेजारी टेबलफॅन, तापातल्या माणसाला लावावा तसा.
मी शिवणाची टेप आत धरली, कशाला न लागता.
कार्ड तीनशे छत्तीस.
जागा तीनशे पंचवीस.
हुश्श म्हणाले. खरंच म्हणाले, मोठ्याने.
अकरा मिलिमीटरनी सुटका केली म्हणून
पाणी पिऊन आले.

परत आले तर तो हार्ड डिस्कचा पिंजरा दिसला,
रिकामा, कधीचा रिकामा,
चार स्क्रूंवर.

घेणार आहे असं नाही.
धूळ फार होती तिथे.
स्क्रू वाटीत ठेवलेत, हरवायला नकोत.
मुथांचं दुकान साडेदहाला उघडतं.
उद्या विषम तारीख.