कोरं पाणी

पेन्सिल पाच रुपयांची, सक्करदऱ्याच्या दुकानातली.
लाकूड सोलून आतलं शिसं काढलं,
मागच्या टोकाला तांब्याची तार गुंडाळली,
पुढचं टोक साध्या कागदावर घासघासून चकचकीत केलं.
दुकानदार म्हणाला होता,
"तीन डझन? शाळा तं बंद आहे नं, मॅडम."
मी म्हटलं, नदीला लिहायला देते.
हसला नाही. सुटे मोजत राहिला.

मे महिना. नागनदीत नदीचं असं पाणी नसतंच,
असतं ते आपण घराघरांतून पाठवलेलं.
अशोक चौकाजवळच्या पुलावरून
दोरीला डबा बांधून सोडला.
एक म्हातारा कठड्याला टेकला:
"काहून वो पोरी, काही पडलं का तुह्यं?"
"नाही आजोबा, दुखण्याची गोळी शोधून राहिली."
"मंग मेडिकलसमोर जा नं बाप्पा.
रांगेनं दुकानं आहेत."

प्रयोगशाळेत कूलर ओरडतो, गारवा देत नाही.
बीकरमध्ये तीन काड्या:
माझं शिसं, चांदीची तार, प्लॅटिनमची तार.
व्होल्टेज हळूहळू चढवायचं
आणि स्क्रीनवरच्या रेघेकडे बघत बसायचं.
पॅरासिटामॉल असलं की ठरल्या जागी
रेघ पाठ उचलते,
झोपेतून उठलेली मांजर उचलते तशी.
डायक्लोफिनॅक जरा पुढे, आळसावून.

आधी कोरं पाणी लावायचं, हा नियम.
त्यात काही नसतं. रेघ सपाट हवी.

रेघ उठली.

शिसं बदललं. बीकर तीनदा विसळला.
पुन्हा तिथेच उठली.
हेडाऊ सर चष्म्यावरून बघत म्हणाले,
"हात दाखव."

हात.
सकाळी बाबांसाठी गोळी अर्धी मोडली होती,
चाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात
पावडी दाबलेल्या गुडघ्यांसाठी.
नखाच्या कडेला भुकटी,
असेल-नसेल एवढी.
यंत्राला तेवढी पुरली.

हात धुतले. हातमोजे घातले.
कोरं पाणी कोरं झालं.
मग नदी लावली.

आकडा वहीत लिहिला,
त्याच डझनातल्या पेन्सिलीनं.

रात्री बाबांनी विचारलं, "सापडलं का?"
"सापडलं."
"किती?"
सांगितलं. मायक्रोग्रॅम म्हणजे काय, तेही.
पंखा फिरत होता. बाबा बराच वेळ गप्प.
मग उरलेली अर्धी गोळी
चंदेरी कागदात नीट दुमडून
उशीखाली सारत म्हणाले,
"नदीले फुकट.
अन् डाक्टर मले अर्धीच सांगते."