डाव्या कानशिलापाशी

माझ्याकडे डोकी यायची.
चेहरे नंतर. आधी फीत,
कपाळावरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्याला वळसा घालून,
आणि आकडा वहीत.
हूजुमच्या अलीकडे, समुद्राच्या बांधामागे आमची शेड.
बाहेर मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून चरायच्या,
जेट गेलं तरी मान वर करायच्या नाहीत.

हेल्मेटं बाहेरून सगळी सारखी,
पांढरं कवच, काळी काच, प्राणवायूची सोंड.
आतून मात्र एकासारखं दुसरं नाही.
आत मी फेस ओतायची.
तो फुगायचा, गरम व्हायचा, डोक्याचा आकार घेत घट्ट व्हायचा,
तोवर एवढाले लेफ्टनंट
न्हाव्यापुढे बसवलेल्या पोरांसारखे
डोळे गच्च मिटून.
कुणाला झाडावरून पडल्याची खोक,
कुणाचा एक कान बोटभर खाली.
त्यांच्या बायकांना ठाऊक नसेल ते माझ्या अंगठ्याला ठाऊक.

एगर्ट ओल्टमान्स. सत्तावन्न आणि अर्धा.
पहिल्या अस्तरात बुडबुडे आले, बाद केलं.
दुसरं छान जमलं, असं मला वाटलं.
मंगळवारी दारातूनच म्हणाला,
"फ्राउ टाडेन, डाव्या कानशिलापाशी टोचतंय.
फार नाही, वाटाण्याएवढं."
माझ्या हातात दुसऱ्याचं डोकं होतं.
म्हटलं, गुरुवारी ये, घासून देते.

बुधवारी धुकं नव्हतं. वारासुद्धा नव्हता.
समुद्र इस्त्री केल्यासारखा.

चौकशीला तिघे आले.
पट्ट्यांचं विचारलं, काचेचं, नळीच्या जोडाचं.
वाटाण्याचं कुणी विचारलं नाही,
मीही काढलं नाही.
आई ट्योनिंगला वाणसामान विकायची.
साखर तोलताना पारड्यापासून हात लांब धरायची,
मापात पाप नको म्हणायची.

एकतीस वर्षांनी त्याचा मुलगा आला.
फ्लेन्सबुर्गला कर खात्यात, टक्कल पडलेला,
बापाहून नऊ वर्षांनी थोरला.
फळीवरचं ते बाद अस्तर मी खाली उतरवलं.
जुन्या कवचात बसवून त्यानं डोक्यावर चढवलं,
ते भुवयांवर घसरलं.
हसला. "मी आईच्या घरचा."
मी विचारलं, डावीकडे टोचतंय का?
"नाही. का?"

काय सांगणार?
की हे ते नाहीच,
ते त्याच्याबरोबर गेलं, तळाशी कुठंतरी आहे,
आणि तिथं अजून
एक मिलिमीटर घासायचं राहिलंय?
म्हटलं, कॉफी घेणार?
दूध नको म्हणाला.

तो गेल्यावर वही काढली.
ओल्टमान्स, ए. सत्तावन्न आणि अर्धा.
पुढं पेन्सिलीनं, माझ्याच तिरक्या अक्षरात: गुरु.
खोडरबर तिथंच होतं, बशीत,
साखरेच्या खड्यांशेजारी.