वेबिल

नर्सने दिलेला कागद पाहिला
आणि टाक्यांवर हात दाबून हसले.
वेळ. किती मिली. घाई होती का. गळालं का.
अहो, हे तर वेबिल!
अठरा वर्षं भरलंय मी,
स्वारगेट ते हडपसर, हडपसर ते स्वारगेट.
तेव्हा उतारू मोजायचे, एवढाच फरक.

फातिमानगरला कळ यायची.
रामटेकडी, वैदुवाडी,
मांड्या आवळून सुट्टे पैसे परत द्यायचे,
"पुढे सरका, पुढे रिकामंय" ओरडायचं.
डेपोतल्या बायकांचा एक नियम होता,
कुणी लिहिलेला नाही, सगळ्यांनी पाळलेला:
ड्युटीवर पाणी प्यायचं नाही.

गर्दीत अंग चोरून उभी राहायचे.
दुखणं अंगावर काढायचे.
काढता काढता एक दिवस
अंगच बाहेर आलं.
मांड्यांच्या मध्ये लिंबाएवढं काहीतरी,
दुपारपर्यंत पेरूएवढं.
आणि लघवी, बोटाने ते आत सारल्याशिवाय
पुरती व्हायचीच नाही.
शेवटच्या स्टॉपलाही न उतरणारा
एखादा झोपलेला उतारू असतो ना, तसं थोडं आतच राहायचं.
घरी पोचेपर्यंत पुन्हा कळ.
रात्रीत पाच वेळा.
हे म्हणाले, साखर तपासून घे.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी नळी काढली.
दोनशे ऐंशी मिली.
मागे किती राहिलं ते मशीन फिरवून पाहिलं, तीस.
"रिकामी," शिरोळकर मॅडम म्हणाल्या.
डेपोत गाडी लावल्यावर
शेवटच्या सीटपर्यंत एकदा चालून यायचे मी,
तेव्हासारखं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात सून ठेचा करत होती.
मिरची तव्यावर पडली, मला ठसका लागला,
आणि परकर ओला.
पूर्वी हे नव्हतं. शपथ, हे नव्हतं.

मॅडमनी कागदावर पेनाने काढून दाखवलं.
पिशवी खाली लोंबली होती, तेव्हा नळी मुडपली होती,
म्हणून गळत नव्हतं.
आता पिशवी जागेवर गेली, नळी सरळ झाली.
काहींना होतं असं. व्यायाम करा, तीन महिने बघू,
नाहीतर अजून एक छोटी पट्टी.
"मी आधी सांगितलं होतं ना?"
सांगितलं होतं. सहीच्या कागदावर पण होतं.
मी सही करायला शिकलेली बाई,
पण त्या दिवशी वाचत कोण होतं.

म्हणजे अडलं होतं म्हणून झाकलं होतं.
आमच्या घरातल्या बऱ्याच गोष्टींचं असंच आहे.

सुगंधा लोंढे फोनवर विचारते,
"झालीस का बरी?"
काय सांगू.
बसताना आता काही टोचत नाही.
जिना चढते. एका दमात मोकळी होते.
शिंक आली की पाय जुळवते, तिढा घालते,
तरी दोन थेंब.

पर्समध्ये पॅड. आणि पाण्याची बाटली,
एक लिटरची, निळी.
ही बाटली मला पर्समध्ये
अजून परक्या माणसासारखी वाटते.

रात्री कागद भरते.
दहा वाजता, दोनशे. घाई नाही.
पहाटे चार, अडीचशे. घाई थोडी.
गळालं का, त्या रकान्यापाशी पेन थांबतं.
तूट लपवली की पुढच्या फेरीत दुप्पट भरावी लागते,
हे मला कुणी शिकवायला नको.
लिहिते: ठसका, थोडं.
खाली सही.
सवयीने बिल्ला नंबरही.