उतारू

दीदुबेच्या थांब्यावर सकाळी सात-वीसला
त्सियाला उभी असते, असं मी म्हणायचो.
"बसलेली असते," पहिल्याच दिवशी ती म्हणाली,
"डोळे तपासून घ्या, ड्रायव्हर."

ती ऑपेराचे झगे दुरुस्त करते. गळ्यात टेप.
त्याच टेपने त्बिलिसीचं माप घेते:
फूटपाथची उंची सतरा,
औषधाच्या दुकानाचं दार अठ्ठावन्न,
तिची चाकं त्रेसष्ट.
"बेतायला चुकलंय," म्हणते, "कापड कमी नव्हतं."

उताराला मात्र टेप नाही, अक्रोड.
खिशातून काढते, ठेवते, सोडते.
भुयारी रस्त्याच्या जिन्यावर
दोन लोखंडी पट्ट्या टाकल्यात,
कागदावर त्यांचं नाव रॅम्प. फोटोही आहे साहेबांकडे.
तिथे 'एक' म्हणेपर्यंत अक्रोड
खाली पाव विकणाऱ्या नार्गिझाच्या पायाशी.
नार्गिझा ते बरणीत साठवते.
नाताळपर्यंत चटणीपुरते होतील म्हणते.

मला लहानपणी शिकवलं होतं,
माणसाने आपली पायरी ओळखून राहावं.
त्सियालाने ओळखल्यात.
पोस्टाच्या चार, दवाखान्याच्या सात,
वाचनालयाची एकच, पण गुडघ्याएवढी,
आणि नगरभवनात
तक्रारीच्या खिडकीपर्यंत अकरा.

एक गोष्ट तिला सांगितलेली नाही.
आधी मी पिवळी मिनीबस चालवायचो.
जितक्या खेपा तितके पैसे.
लिलोच्या वळणावर, पावसात,
एक चाकाची खुर्ची, हात वर केलेला.
मी आरशात बघितलं, म्हणजे मागे बघितलं,
म्हणजे पुढे बघायला नको म्हणून.
ती होती की आणखी कोणी,
पावसात तोंड दिसलं नाही.
दिसू दिलं नाही.

नव्या बसच्या मधल्या दाराशी फळी आहे.
खाली उतरायचं, आकडा ओढायचा,
गुडघा टेकवून हाताने उलगडायची.
पहिल्या वेळी चिखलाने अडकली होती.
चार मिनिटं. मागून हॉर्न. कोणी म्हणालं,
"यांच्यासाठी वेगळी गाडी का नाही काढत?"
"वेगळ्या गाडीत ओळखीचं कोण भेटणार?" त्सियाला म्हणाली,
आणि त्याच माणसाच्या कोटाकडे बोट केलं:
"ते बटण पडेल. दोन टाके घाला."
मग माझ्या फळीवर अक्रोड सोडला.
चारपर्यंत मोजलं. काही बोलली नाही.
ते मी पास झालो असं धरलं.

आज अकरावा दिवस, ती नाही.
तिच्या इमारतीतली लिफ्ट
नाणं घेते आणि हलत नाही.
सातवा मजला. रस्त्यावर बर्फ नाही,
बस वेळेवर, फळीला तेल,
सगळं तिच्या दारापर्यंत येऊन थांबलंय,
आणि दार वर आहे.

शेजारचा मुलगा झगा घेऊन येतो,
हिरवा मखमली, हँगरवर.
"ऑपेराच्या मागच्या दाराशी द्या," निरोप.
खुर्चीची जागा रिकामी असते, तिथल्या दांड्याला अडकवतो.
वळणांवर तो बाई असल्यासारखा डुलतो,
चढणारे लोक चुकवून उभे राहतात,
कोणी एक म्हातारा टोपी काढतो.

झग्याच्या खिशात अक्रोड निघाला, आणि चिठ्ठी:
रोज उघडा, नाहीतर बिजागरी धरेल.

म्हणून दीदुबेला मी खाली उतरतो,
आकडा ओढतो, गुडघा टेकवतो.
"कोण चढतंय?" आतून विचारतात.
"थांबा जरा," एवढंच म्हणतो.
अक्रोड सोडतो. एक. दोन.
तिसऱ्याला तो अडखळतो, बाजूला घरंगळतो.
कुठेतरी एक खिळा वर आलाय.
बोटाने चाचपून पाहतो. हो, इथे.
संध्याकाळी डेपोत सांगायला हवं.