माग

पिल्लू आलं तेव्हा साडेचार महिन्यांचं,
कान इतके लांब की पाणी पिताना भांड्यात बुडायचे.
कागदावर नाव 'के-१४'.
मी तिला तिरफळ म्हणते.

सहारच्या कार्गोमागे, तिसऱ्या शेडपाशी
रोज पुठ्ठ्याची पंधरा खोकी मांडते.
चौदा रिकामी, एकात आंबा.
दुसऱ्या दिवशी सुकं मटण, तिसऱ्या दिवशी
कुणा मावशीने मोज्यात गुंडाळल्यासारख्या बिया.
सापडलं की बसायचं. गप्प.
भुंकणं नाही, पंजा नाही, दात तर नाहीच नाही.
बसली की टॉवेलची गुंडाळी,
ओढ हवी तेवढी.

बस्त्याव अंकल हसतात.
मरोळ गावठाणात माझे घरमालक, वय ब्याऐंशी,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
"बीगलला गप्प बसवते?
देवळाच्या घंटेला कापूस बांधते गो तू."

त्यांची होती डचेस, कुणा बोटीवरच्या कप्तानाने सोडलेली.
खाणीपलीकडे, जिथे आता हॉटेलाचा पोहण्याचा तलाव आहे,
तिथे पहाटे ससे उठायचे.
कायदा?
"कायद्याला आमचा पत्ता कुठे माहीत होता!"

"ससा सरळ पळत नाही, पोरी.
मोठा फेरा घेतो
आणि उठला तिथेच परत येतो.
म्हणून आपण धावायचं नाही. उभं राहायचं.
कुत्रीचा आवाज लांब गेला की बिडी पेटवायची,
जवळ आला की विझवायची."

मग बिस्किटाच्या डब्यातून काढून दिलं
एक सशाचं कातडं, टक्कल पडलेलं,
डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारं.

मी ते सुतळीला बांधून गवतावरून ओढलं.
साहेबांना सांगितलं नाही.
तिरफळ आधी सरळ गेली.
मी काटकोनात वळवलं तर पुढेच धावली, थांबली,
चुकली तिथे परत आली
आणि पहिलीतलं मूल ओळीखाली बोट धरतं
तसं नाक धरून
पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.

तिसऱ्या आठवड्यात तिला गळा फुटला.
ते भुंकणं नव्हतं.
लांब, मध्येच मोडून पुन्हा उचललेलं काहीतरी,
की हमाल गाडे धरून उभेच राहिले.
गावंडेसाहेब म्हणाले, हे बंद करा.

मी बंद केलं.
आवाज निघाला की पाठ फिरवायची, टॉवेल खिशात.
अकरा दिवस.
बाराव्या दिवशी फणसाच्या आठळ्यांसमोर ती बसली.
तोंड मिटलेलं.
फक्त गळ्याची कातडी थरथरत होती,
बंद दारामागे कुणी बोलत असावं तशी.
शाबासकीचा कागद आला, माझ्या नावाचा.

परवा रात्रपाळी संपताना
गोदामामागच्या कुंपणातल्या पडीक तुकड्यात
गवत हललं.
तपकिरी. मानेवर काळा डाग. कान.
मी पट्टा सोडला.
का, ते रजिस्टरमध्ये लिहिता येणार नाही.

आवाज फुटला.
नाल्याकडे गेला, पत्र्याच्या ढिगामागे बुडाला,
एक विमान उठलं त्यात पुसला गेला,
मग खूप लांबून, उलट्या बाजूने, परत.
मी हलले नाही.
बिडी नव्हती, वेलदोडा चघळत होते.
आवाज वाढला तशी वेलदोडा गालात थांबवला.

ससा आला. खरंच तिथेच आला.
माझ्या बुटांपासून दोन हातांवर क्षणभर उभा राहिला,
पोट धपापत,
आणि भिंतीच्या भगदाडातून गेला.

मागोमाग तिरफळ, नाक जमिनीला.
भगदाडाशी थबकली. आत डोकं घातलं, काढलं.
मग वळून माझ्यासमोर आली
आणि बसली.
गप्प.

नजर माझ्या डाव्या खिशावर,
जिथे प्लास्टिकच्या पिशवीत कातडं होतं.
सोळावं खोकं मी.

टॉवेल शेडमध्येच राहिला होता.
रुमालाला गाठ मारून दिली,
ती मान झटकत ओढत राहिली,
आणि मीही सोडला नाही.