पंधरा आणे

नवरतन बागेतल्या नियंत्रण कक्षात
रात्री माझ्या सोबतीला एक कूलर,
पाणी संपलं की नुसता खडखडणारा,
आणि भिंतीवर वनमंडळाचा नकाशा:
चोरल, मानपूर, महू, इंदूर,
चार रंगांच्या टाचण्या.

उपग्रह दीडच्या सुमाराला वरून जातो.
त्याला दिसतो एक गरम ठिपका.
तो पाठवतो अक्षांश, रेखांश,
कक्ष क्रमांक एकशे अठरा.
नाव पाठवत नाही.

नावाची तशी सक्तीही नाही कुणाची.
पण मागच्या एप्रिलात एकशे अठरामध्येच
एका रात्रीत दोन आगी लागल्या
आणि वायरलेसवर सगळे विचारत राहिले,
कुठली? अरे, कुठली?
वरच्या आगीची माणसं खालच्या आगीवर गेली.
दुसऱ्या दिवशी मी रजिस्टरात
पट्टीने एक जादा रकाना आखला.

पहिल्या आगीला जवळच्या वाडीचं नाव दिलं.
आठव्या दिवशी त्या वाडीत अकरा नोटिसा गेल्या.
मोहाची फुलं वेचायला हे लोक पाला जाळतात,
त्यातूनच पेटलं असावं, असं कुणीतरी लिहिलं
आणि माझ्या रकान्याची झेरॉक्स जोडली.
आग हमरस्त्याकडून आली होती.
वाडी नुसती सगळ्यात जवळ होती.

तेव्हापासून मी अशीच नावं शोधते
ज्यांच्या पत्त्यावर काही पाठवता येत नाही.
उलटी शिळा.
सायाळीचं बीळ.
ढोलीचा सादडा, जो त्याच आगीत गेला,
नाव तेवढं राहिलं.

भोपाळला टक्के लागतात, दर दोन तासांनी.
रेमसिंग मुजाल्दे टक्क्यांत बोलत नाही.
तो जाळरेषा साफ करतो,
पळसाच्या ओल्या फांदीने जमीन झोडपतो,
आणि धापा टाकत वायरलेसवर येतो:
“चार आने, मैडम.”
मी लिहिते पंचवीस.
“आठ आने.” पन्नास.
मग वारा फिरतो, आणि तो खालच्या आवाजात
“छह आने,” म्हणतो,
जणू त्यानेच खिशातून दोन हरवले.

सोळा आणे मी त्याच्याकडून कधीच ऐकले नाहीत.
पंधरावर तो थांबतो.
म्हणतो, एक आणा खोडाच्या आत असतो,
डोळ्यांना दिसत नाही,
हात ठेवला की कळतं.
भोपाळचे साहेब म्हणतात, शंभर करून टाका,
यादीतून काढायचीय.

दीतूचं सांगायचं राहिलं.
हंगामी चौकीदार. मार्चमधल्या आगीत
त्याची रबरी चप्पल पायालाच वितळली.
सगळे तिला दीतूची आग म्हणू लागले,
मीही तसंच लिहिलं, जरा वळणदार अक्षरात.
पायांना पट्ट्या बांधून तो बसने इथवर आला,
दारातच उभा राहिला.
नाव खोडा, म्हणाला.
अरे, कौतुकाने लिहिलंय, मी म्हटलं.
“त्या अकरा जणांचंही तुम्ही काही वाईट मनाने…”
पुढचं तो बोलला नाही.
मी खोडलं. वर लिहिलं, चप्पल.
कागद उजेडात धरला
तर खालचं अजून वाचता येतं.

आता पहाटेचे चार चाळीस.
बाहेर महापालिकेची गाडी
कारंज्यासारखं पाणी मारत रस्ता धुतेय.
पाण्याची ही एक गाडी
घाटाखाली नेता आली असती का,
हा हिशेब मी रोज करते, रोज सोडते.

“उलटी शिळा, पंद्रह आने.”
भोपाळचा फोन वाजतोय.
मी लिहिते त्र्याण्णव,
पुढे टिंब देऊन पंचाहत्तरही लिहिते,
आणि फोन तसाच वाजू देत
रेमसिंगला विचारते,
हात लावून बघितला?

आधी खरखर.
मग त्याचा श्वास.
“रुकिए,” तो म्हणतो, “लगाता हूँ.”