इन्स्पेक्शन

उद्यमबागेत एकवीस वर्षं गेज लावतोय.
बुशिंग केसभर सैल निघालं
की लाल रंग फासायचा, कार्डावर सही:
भ. य. चौगुले.
उद्या काही झालं तर मान माझी.

कल्लाप्पा मुचंडीकरची लेक त्या विमानात होती.
विमान बनवणाऱ्यांचं उत्तर आलं, चारशे पानं, इंग्रजीत:
वैमानिक चुकला.
कोर्टाचा कागद कन्नडमध्ये.
कल्लाप्पा मराठीत गप्प.

मी बोट ओलं करून पानं उलटतोय.
कुठल्या टेबलावर कळलं होतं,
कोण म्हणालं, जाऊ दे, पुढच्या लॉटला बघू
एवढंच शोधतोय.
शिक्का प्रत्येक पानावर.
सही एकच, वकिलाची.

उद्या अकराला तारीख.
डबा कल्लाप्पा आणतो म्हणालाय.
जज्जसाहेब विचारतील, तुम्ही कोण?
सांगीन, इन्स्पेक्शन.